शेणखताचाही हिशेब मांडणारे कुमारप्पा



जमाखर्चाची वही आपल्यापैकी बहुतेकांना नकोशी वाटते. सोसायटीचं कर्ज, बियाण्याची पावती, फवारणीची उधारी, मजुरी हे सगळं डोक्यात ठेवायचं आणि हंगाम संपला की हातात काय उरलं ते बघायचं, असा आपला रिवाज. त्यात शेणखत घरचंच म्हणून फुकट, बायकामाणसांचं काम घरचंच म्हणून फुकट, आणि शेतातली माती पावसात वाहून गेली तर ती कुणाच्याच खात्यावर नाही. आज ज्या माणसाची ओळख करून द्यायची आहे, तो पेशाने हिशेबनीस होता. मोठमोठ्या कंपन्यांच्या वह्या तपासून पोट भरणारा. पण पुढं त्याने जी वही उघडली, तिच्यात या फुकटच्या गोष्टी पहिल्यांदा लिहिल्या गेल्या. त्यांचं नाव जे. सी. कुमारप्पा. गांधीजींच्या माणसांत विनोबा आपल्याला माहीत आहेत, जमनालालजी माहीत आहेत. कुमारप्पांनी मात्र आयुष्यातली उमेदीची वर्षं आपल्या वर्ध्यात घालवली, तरी गावागावांत त्यांचं नाव फारसं निघत नाही.

त्यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ चा, तंजावरचा. व्यंकोजीराजांनी मराठ्यांची गादी स्थापली तेच हे तंजावर. घराणं तमिळ ख्रिस्ती, वडील सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला. घरात शिस्त, इंग्रजी शिक्षण, चर्च. त्यांचं मूळ नाव जोसेफ चेल्लादुरै कॉर्नेलियस. तरुणपणी ते लंडनला गेले, हिशेब तपासणीचं शिक्षण घेतलं, पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथंच नोकरी केली आणि आईच्या आग्रहावरून १९१९ साली परत आले. मुंबईत भागीदारीत स्वतःची हिशेब तपासणीची कंपनी काढली. रेशमी सूट, हातात काठी, बोलण्याचालण्यात पुरा साहेब. गावाशी संबंध म्हणाल तर आगगाडीच्या खिडकीतून जेवढा दिसेल तेवढा.

१९२७ साली ते अमेरिकेला गेले. सिराक्यूज विद्यापीठात व्यापार व्यवस्थापनाची पदवी घेतली, मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला लागले. कोलंबियातले सेलिगमन हे करआकारणीचे मोठे प्राध्यापक. बाबासाहेब आंबेडकर त्याच विद्यापीठात याच सेलिगमनांच्या हाताखाली शिकले होते, कुमारप्पांच्या दहाबारा वर्षं आधी. कुमारप्पांनी तिकडे एका चर्चमध्ये भारत गरीब का आहे यावर भाषण दिलं. त्याची बातमी छापून आली, ती सेलिगमनांच्या वाचनात आली आणि याच विषयावर प्रबंध लिही असं त्यांनी सुचवलं. झालं, गाडी रुळावरून उतरली म्हणा किंवा रुळावर आली म्हणा. सरकारी जमाखर्चाचे आकडे चाळता चाळता या हिशेबनिसाच्या ध्यानात आलं, की शेतकऱ्याकडून सारा गोळा होतो तो लष्करावर, साहेबांच्या पगारावर आणि कर्जाच्या व्याजावर जातो. ज्या शेतात तो पिकला तिथं परत फारसं काही येत नाही. विहिरीतून पाणी उपसत राहायचं आणि झरा मात्र मोकळा करायचा नाही, तसा हा प्रकार.

हा प्रबंध घेऊन ते १९२९ साली परत आले आणि तो छापावा म्हणून गांधीजींना भेटायला साबरमतीला गेले. तारीख ९ मे. तिथला प्रसंग कुमारप्पांच्या चरित्रात नेहमी सांगितला जातो. भेटीच्या वेळेआधी पोचले म्हणून नदीकाठाने फिरत होते. एका झाडाखाली, सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत कातत बसलेला दिसला. कुमारप्पा काठीला टेकून बघत उभे राहिले. बऱ्याच वेळाने म्हाताऱ्याने घड्याळ पाहिलं आणि तुम्हीच का ते असं विचारलं, तेव्हा उलगडा झाला, की हेच गांधी. मग रेशमी सुटासकट हा साहेब त्या शेणाने सारवलेल्या भुईवर मांडी घालून बसला.

गांधीजींनी प्रबंध आपल्या साप्ताहिकात छापायचं कबूल केलं आणि वर एक काम गळ्यात घातलं. गुजरातेत खेडा जिल्ह्यात मातर नावाचा तालुका आहे. तिथल्या शेतकऱ्याची खरी स्थिती काय, सारा भरण्याची ऐपत आहे की नाही, हे घरोघर जाऊन मोजायचं. गुजरात विद्यापीठाची मुलं मदतीला. त्या वेळी विद्यापीठ चालवत होते काका कालेलकर, आपल्या साताऱ्याकडचे. कुमारप्पांना गुजराती येत नव्हतं, शेतीतलं काही कळत नव्हतं. पण मोजायचं कसं ते पक्कं माहीत होतं. पन्नासावर गावं पालथी घातली. कुटुंबात माणसं किती, जमीन किती, जनावरं किती, दाणा किती पिकला, किती विकला, सावकाराचं देणं किती, हे सगळं टिपलं. मंडळी, आपल्याकडे आजही पीक पाहणी बांधावर न जाता होते अशी तक्रार तुम्ही करता. त्या काळी वाहनांची सोय नव्हती आणि विद्यार्थी पायी हिंडत होते, हे जरा लक्षात घ्या. १९३१ साली छापलेल्या त्या अहवालातून निघालं ते असं: बहुतेक घरं तोट्यात शेती करत होती आणि सारा भरला जात होता तो उत्पन्नातून नाही, तर कर्जातून किंवा पोटाला चिमटा घेऊन. आपल्या देशात गाव पातळीवर उतरून केलेल्या सुरुवातीच्या आर्थिक पाहण्यांत ही गणली जाते. याच सुमाराला त्यांनी कॉर्नेलियस आडनाव सोडून घराण्यातलं जुनं कुमारप्पा हे नाव लावलं आणि अंगावर खादी आली.

मिठाच्या सत्याग्रहात गांधीजी पकडले गेले तेव्हा त्यांचं इंग्रजी साप्ताहिक कुमारप्पांनी चालवलं आणि त्यापायी तुरुंगात गेले. इंग्रज सरकारने भारताच्या नावावर जे कर्ज दाखवलं होतं, त्यातलं खरं आपलं किती आणि इंग्रजांनी स्वतःच्या लढायांचं आपल्या डोक्यावर टाकलेलं किती, हे शोधायला काँग्रेसने १९३१ साली समिती नेमली, तिचं कामही त्यांनीच उचललं.

पण माणूस कसा होता ते कळतं बिहारच्या भूकंपात. जानेवारी १९३४ मध्ये बिहारला मोठा भूकंप झाला. राजेंद्रबाबूंच्या मदत समितीकडे देशभरातून पैसा आला आणि त्या पैशाचा हिशेब ठेवायला जमनालाल बजाजांनी कुमारप्पांना धाडलं. कुमारप्पांनी स्वयंसेवकाच्या जेवणाला दिवसाला तीन आणे ठरवले. पुढं गांधीजी आपल्या मंडळींसह दौऱ्यावर आले. त्यांचं फळं-दूध आणि मोटारीचं पेट्रोल हा खर्च तीन आण्यांत कुठला बसणार? कुमारप्पांनी महादेवभाई देसाईंना साफ सांगितलं, की हा खर्च मदत निधीतून निघणार नाही, तुमची सोय तुम्ही बघा. गांधीजींपर्यंत गोष्ट गेली आणि त्यांनी ती मान्य केली. दुष्काळ निधी, गारपिटीची मदत, विम्याचे पैसे यांच्या वाटपात आपण काय काय पाहतो ते मी इथं लिहीत नाही, तुम्ही जाणता.

त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर १९३४ मध्ये, अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालालजींनी वर्ध्यातली आपली बाग आणि घर त्यासाठी दिलं. मगनलाल गांधींच्या नावाने ती जागा मगनवाडी झाली. संघाचे मंत्री कुमारप्पा. सेवाग्रामला जाण्याआधी गांधीजींचा मुक्काम याच मगनवाडीत असायचा. इथं घाणी होती, हातकागद होता, मधमाश्या होत्या, जातं आणि धान सडायची साधनं होती, साबण होता, खजुरी-शिंदीच्या रसाचा गूळ होता. रॉकेलऐवजी तेलबियांच्या तेलावर जळणारा मगनदीप इथंच घडला. धूर कमी करणारी मगनचूल इथलीच. चुलीच्या धुराने बाईचे डोळे आणि छाती जाते, हे त्या काळात अर्थशास्त्राच्या पुस्तकात कुणी लिहीत नव्हतं.

घाणीचं उदाहरण घेऊ, कारण कुमारप्पांचा सगळा विचार त्यात सापडतो. भुईमूग, तीळ, जवस गावातून निघालं आणि शहरातल्या गिरणीत गेलं, की तेल परत विकत आणावं लागतं. हे झालं वरवरचं नुकसान. पण तेलाबरोबर ढेपही गेली. ढेप गेली म्हणजे बैलाचं आणि गाईचं खाणं गेलं, जनावराचं शेण पातळ झालं, म्हणजे शेताचं खत गेलं. तेल्याचा धंदा गेला, तो मजुरीला लागला, म्हणजे मजुरीचा दर पडला. शेवटी ज्या मातीने ती तेलबी दिली तिला काहीच परत मिळालं नाही. तेलबिया परदेशी पाठवणं म्हणजे जमिनीचा कस पोत्यात भरून पाठवणं, असा त्यांचा हिशेब होता. गिरणी तेल स्वस्त काढते हे त्यांना मान्य होतं, पण त्या स्वस्ताईची किंमत कुणी भरली हा त्यांचा प्रश्न. आज देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. सोयाबीन पेरणारा शेतकरी पामतेलाचा डबा विकत घेतो आणि ढेपेचे पोते दुकानातून आणतो. साखळी कुठं तुटली ते या हिशेबात बरोबर दिसतं.

दुसरं उदाहरण केळी विकणाऱ्या बाईचं. तिच्याकडे केळी, तुमच्याकडे रुपया. वरवर दोघं सारखे. पण केळी उद्या काळी पडणार, रुपया पडणार नाही. म्हणून संध्याकाळ झाली की ती बाई हातघाईला येते आणि रुपयावाला थांबू शकतो. शेतकरी हा या केळीवालीच्या जागी आहे, असं कुमारप्पा मांडत. टोमॅटो, कांदा, संत्रा घेऊन बाजार समितीत उभं राहिलेल्याला यावर व्याख्यान नको. यावर त्यांचा उपाय असा होता, की गावोगाव बहुउद्देशीय सहकारी संस्था असाव्यात. शेतकऱ्याने सारा धान्यात भरावा, संस्थेने ते साठवावं, गावाच्या गरजेपुरतं गावातच ठेवावं आणि उरलेलंच बाहेर जावं. सरकारी नोकरांच्या पगाराचा काही भागही या धान्यातूनच द्यावा, इथपर्यंत त्यांची तयारी होती. ही सूचना आमच्या कर्मचारी बांधवांना कितपत रुचेल सांगता येत नाही! पण तारण ठेवून माल साठवायची सोय असली, तर काढणीच्या आठवड्यात पडत्या भावाने विकावं लागत नाही, हे शेतमाल तारण योजनेचा फायदा घेतलेल्यांना पटेल.

१९३८ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडात काँग्रेसचं सरकार होतं. त्या सरकारने उद्योगांची पाहणी करायला कुमारप्पांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. म्हणजे आपलाच मुलूख. सहाशेवर गावांची पाहणी झाली. मातरचीच पद्धत, पण मोठ्या प्रमाणावर. जंगल खात्याबद्दल त्यांचं मत त्या काळच्या सरकारांना टोचणारं होतं. जंगल हे महसुलाचं दुकान नाही, असं ते मांडत. लाकूड कुठं विकलं म्हणजे जास्त पैसे येतील, एवढंच बघू नका. नांगराला, गाडीला, घाणीला, कुंभाराच्या आव्याला आणि घराला लागणारं लाकूड आधी गावाला माफक दरात मिळालं पाहिजे. डोंगरावरचं झाड पाणी आणि माती धरून ठेवतं, हेही जंगलाच्या खात्यात जमा धरलं पाहिजे. पाणलोटाची कामं आपण १९८०-९० नंतर कानावर घेऊ लागलो. हा माणूस त्याच्या चाळीसपन्नास वर्षं आधी हे सांगत होता.

त्याच वर्षी सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना राष्ट्रीय नियोजन समिती झाली, पंडित नेहरू तिचे अध्यक्ष. ग्रामोद्योगाचा माणूस म्हणून कुमारप्पा तिच्यात गेले आणि थोड्याच दिवसांत बाहेर पडले. समितीचा ओढा मोठ्या कारखान्यांकडे होता आणि खेडं हे उरल्यासुरल्या वेळात बघायचं प्रकरण होतं, असं त्यांना दिसलं. बाहेर पडून त्यांनी योग्य केलं की आत राहून भांडायला हवं होतं, यावर आजही वाद घालता येईल. माझं मत आत राहायला हवं होतं असं आहे. नियोजनाच्या बैठकीत गावाचा हिशेब माहीत असलेला माणूस नसला की काय होतं, ते पुढच्या पंचवार्षिक योजनांत दिसलंच.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकार इथून धान्य-कापड उचलत होतं आणि बदल्यात कागदी नोटा छापत होतं. भाव भडकले, गरीब उपाशी. भाकरी मागणाऱ्याच्या हातात दगड देण्याचा हा प्रकार आहे अशा आशयाचा लेख कुमारप्पांनी १९४२ मध्ये लिहिला. सरकारला तो झोंबला. चळवळीच्या त्या धामधुमीत ते पुन्हा तुरुंगात गेले. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक येशू ख्रिस्ताच्या शिकवणुकीवर आणि दुसरं त्यांचं सर्वात गाजलेलं, टिकाऊ अर्थव्यवस्थेवरचं. १९४५ साली ते निघालं, प्रस्तावना गांधीजींची. ग्रामोद्योगाचा डॉक्टर अशी पदवी गांधीजींनी त्यांना तेव्हा प्रेमाने बहाल केली.

या पुस्तकात त्यांनी एक साधी विभागणी केली. काही संपत्ती टाकीतल्या पाण्यासारखी: कोळसा, पेट्रोल, लोखंड. काढाल तेवढं कमी होणार, परत भरणार नाही. दुसरी वाहत्या झऱ्यासारखी: झाडं, पिकं, जनावरं, माणसाच्या हाताचं कसब. नीट वापरली तर पिढ्यान्‌पिढ्या येत राहणार. टाकीच्या संपत्तीवर उभा राहिलेला देश कधी ना कधी दुसऱ्याच्या टाकीकडे हात पसरणार आणि त्यातून लढाया होणार, असं त्यांचं भाकीत होतं. तेलासाठी झालेली युद्धं आपण बातम्यांत पाहिली आहेत. निसर्गातल्या जीवांची उदाहरणं देऊन त्यांनी माणसाच्या धंद्यांच्याही पायऱ्या लावल्या. काही परजीवी, बांडगुळासारखे. काही लुटारू, बागेत शिरलेल्या माकडासारखे, काही न पेरता खाणारे. काही स्वतः राबून घेणारे. काही मधमाश्यांसारखे, सगळ्या पोळ्यासाठी मध आणणारे. आणि सर्वात वर, पिल्लाला चारा भरवणाऱ्या पाखरासारखे, परतफेडीची वाट न बघणारे. आपल्या गावात कोण कुठल्या पायरीवर आहे याचा खेळ चावडीवर खेळून बघा, भांडण मात्र होऊ देऊ नका.

शेतीबद्दल त्यांची कल्पना समतोल लागवडीची. एका भागातल्या लोकसंख्येला धान्य, डाळ, तेल, गूळ, भाजी, फळं, दूध आणि कापूस किती लागतो ते आधी काढायचं. त्यासाठी किती एकर लागतील ते मांडायचं. तेवढी जमीन त्या पिकांना राखून उरलेलीत विकाऊ पीक घ्यायचं. हे पाळलं जावं म्हणून कोणत्या जमिनीत काय घ्यायचं याचे परवाने द्यावेत, आणि तंबाखूसारख्या पिकाच्या जमिनीवर जास्त आकार लावावा. उसाबद्दलही ते कडक होते. पडीक रानातल्या शिंदी-ताडापासून गूळ होत असताना चांगली पाण्याची जमीन उसाखाली का घालायची, हा त्यांचा सवाल. पश्चिम महाराष्ट्रातल्या मंडळींना हा पटणार नाही. पण मराठवाड्यात टँकर चालू असताना ऊस उभा असतो, तेव्हा हाच सवाल वर्तमानपत्रांत दरवेळी येतो.

इथं मला माझं मत सांगू द्या. परवान्याची त्यांची कल्पना मला पटत नाही. दहा वर्षं गावं फिरतो आहे. कापूस लावायचा की तूर, यासाठी एका सहीला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या असत्या आणि त्या सहीचाही दर ठरला असता. रासायनिक खताबद्दलही तसंच. खत हे औषधासारखं आहे, माती तपासून, गरज असेल तरच आणि बेताने वापरावं, हा त्यांचा सल्ला शंभर टक्के बरोबर. तरी १९६० च्या दशकात देश परदेशी गव्हाच्या बोटींकडे डोळे लावून होता आणि १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन लोकांनी दिवस काढले. संकरित बियाणं आणि खत आलं म्हणून कोठारं भरली हे नाकारता येत नाही. मात्र त्याचबरोबर शेणखत सुटलं ते सुटलंच. ट्रॅक्टर नांगरतो, पण शेण टाकत नाही, हा कुमारप्पांचा मुद्दा तेव्हा थट्टेवारी नेला गेला. आज माती परीक्षणाच्या पत्रिकेत सेंद्रिय कर्बाच्या रकान्यात कमी, अत्यंत कमी असं वाचताना कुणी थट्टा करत नाही. खत टाकूनही पीक का उठत नाही असं तुम्ही मला विचारता, तेव्हा उत्तर बहुतेक वेळा त्या एका रकान्यात असतं.

स्वातंत्र्य मिळालं आणि १९४७ च्या अखेरीस काँग्रेसने जमीन सुधारणांसाठी समिती नेमली. अध्यक्ष कुमारप्पा. देश हिंडून समितीने १९४९ साली अहवाल दिला. चरित्रातला हा भाग जास्त ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण याचा संबंध तुमच्या सातबाऱ्याशी येतो. कसणारा आणि सरकार यांच्यामध्ये कुणी मध्यस्थ नको. जमीन दुसऱ्याला कसायला देता येऊ नये, अपवाद विधवा, अज्ञान मुलं आणि अपंग यांचा. जो कूळ सहा वर्षं सलग जमीन कसतो आहे त्याला तिचा हक्क मिळावा. आणि स्वतः कसणे म्हणजे काय? तर काही एक अंगमेहनत स्वतः करणे आणि शेतीच्या कामात भाग घेणे. नुसतं बांधावर छत्री घेऊन उभं राहणं नव्हे.

समितीने जमिनीचे तीन आकार सांगितले. मधला आकार आर्थिक धारणेचा: एका सर्वसाधारण कुटुंबाचं पोट बऱ्यापैकी भरेल, घरच्या माणसांना पुरेसं काम मिळेल आणि निदान एक बैलजोडी पोसली जाईल आणि वापरात राहील एवढी जमीन. एकरांत आकडा न देता बैलजोडीने मोजलेली धारणा! कोरडवाहूत ती मोठी, ओलितात लहान, आपोआपच. याच्या खालची ती मूळ धारणा, आणि तिच्याहीपेक्षा ज्यांची जमीन कमी त्यांनी सहकारी पद्धतीने एकत्र कसावं. वर कमाल मर्यादा आर्थिक धारणेच्या तिप्पट. एकत्र कसण्याच्या सूचनेवरून समितीतच मतभेद झाले. आपल्या भावाभावांच्या वाटणीत धुऱ्यावरून कुऱ्हाडी निघतात हे पाहिलेल्या माणसाला ते मतभेद समजू शकतात.

अहवालाचं पुढं काय झालं? मध्यस्थ गेले, मालगुजारी गेली. कमाल जमीन धारणेचा कायदा महाराष्ट्रात १९६१ साली झाला, म्हणजे अहवालानंतर बारा वर्षांनी. तोवर ज्यांना वाटण्या दाखवायच्या होत्या त्यांनी दाखवल्या. कूळकायद्यात स्वतः कसणे याच्या व्याख्येत अंगमेहनतीची अट टिकली नाही. मालकाच्या देखरेखीखाली मजुरांकडून करून घेतलेली शेतीही त्यात बसली. ठेक्याने, बटईने करणाऱ्यांची गोष्ट तर तुमच्या डोळ्यांसमोर आहे. कूळ लागेल या भीतीने मालक कागद करत नाही. कागद नाही म्हणून कसणाऱ्याला पीककर्ज नाही, विमा मिळवायला मारामार, गारपिटीचे पैसे मालकाच्या खात्यात. नापिकी मात्र पूर्ण त्याच्या वाट्याला. यात मालकही सगळे गबर नसतात. पुण्याला नोकरीला गेलेल्या पोराची चार एकर असते आणि त्यालाही जमीन जाण्याची धास्ती असते. कायद्याने बंदी घातली तर ठेका चोरून होतो, आणि मोकळीक दिली तर बळी तो कान पिळी. कुमारप्पांनी बंदीचा मार्ग सांगितला होता. पण त्याच्या जोडीला जमिनीचं सगळं काम बघणारा, गावापर्यंत पोचणारा स्वतंत्र भूमी आयोगही सांगितला होता. त्याशिवायची बंदी त्यांना अभिप्रेत नव्हती.

पुढं ते दिल्लीच्या राजकारणात रमले नाहीत. १९५१ साली चीनला गेले, तिथलं जमीनवाटप पाहून भारावले आणि तसं लिहिलंही. त्यामुळे ते कम्युनिस्ट झाले अशी कुजबुज झाली. १९५८ नंतर तिथं सक्तीच्या सामुदायिक शेतीतून दुष्काळ पडला आणि कोट्यवधी माणसं मेली. ते चित्र त्यांच्या भेटीच्या वेळी उघडं नव्हतं. तरी कौतुक करताना घाई झाली असंच म्हणावं लागतं.

त्याच सुमाराला वर्धा जिल्ह्यातल्या सेलडोह इथं त्यांनी पन्नई आश्रम काढला. पन्नई म्हणजे तमिळमध्ये शेत. साठीला आलेला, लंडन-न्यूयॉर्क केलेला हा ब्रह्मचारी माणूस तिथं झोपडीत राहून समतोल शेतीचे प्रयोग करू लागला. पुस्तकात लिहिलेलं शेतात उतरतं का ते स्वतः बघायचं होतं. पण रक्तदाबाने शरीर साथ देईना. प्रयोग नीट मूळ धरण्याआधीच, १९५३ च्या सुमाराला ते दक्षिणेत मदुरेजवळच्या कल्लुपट्टीला, गांधी निकेतन आश्रमात गेले. त्यांच्या खोलीत एका फाटक्या शेतकऱ्याचं चित्र होतं. आलेल्या पाहुण्याला ते सांगत, की हे माझ्या गुरूचे गुरू. ३० जानेवारी १९६० रोजी मद्रासला त्यांचं निधन झालं. गांधीजी गेले तीच तारीख.

त्यानंतर तेरा वर्षांनी, १९७३ मध्ये, इंग्लंडात शुमाकर नावाच्या अर्थतज्ज्ञाचं लहान तेच सुंदर अशा अर्थाचं पुस्तक आलं आणि जगभर गाजलं. त्यात शुमाकरने कुमारप्पांचा आधार घेतला आहे. तोवर आपल्या कृषी विद्यालयांच्या अभ्यासक्रमात त्यांचं नाव नव्हतं. मी पदविका केली तेव्हाही नव्हतं.

मगनवाडीतलं मगन संग्रहालय १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलं होतं, ते वर्ध्यात अजून आहे. सेवाग्राम बघायला बचत गटाची किंवा ग्रामपंचायतीची सहल निघाली तर तासभर तिकडे काढा. चरखे आहेत, ग्रामोद्योगाची जुनी साधनं आहेत. सोबत एखाद्या जुन्या जाणत्या माणसाला न्या, म्हणजे कुठलं साधन कशाचं ते तो पोरांना सांगेल.